किर्दीत न चढलेला खर्च

व्यापाऱ्याच्या किर्दीत प्रत्येक खर्चाला जागा असते. हमाली असते, भाडे असते, तूटफूट असते, दिवाबत्ती असते. धर्मादाय म्हणून निराळी काढलेली लहानशी रक्कमही असते. परंतु काही खर्च असे आहेत, की ते टाळले म्हणजे त्या दिवशीच्या पानावर शिल्लक वाढलेली दिसते आणि टाळल्याची नोंद मात्र कोठेच होत नाही. आगीपासून करावयाच्या संरक्षणाचा खर्च ह्याच जातीचा आहे. पाण्याची टाकी बांधली नाही, दुसरा जिना ठेवला नाही, दोन कोठारांमधली भिंत घातली नाही, तर वर्षअखेर कोणी हिशेबनीस येऊन विचारीत नाही. वर्षे जातात, आग लागत नाही, आणि न केलेला खर्च हेच शहाणपण ठरते. मग एखाद्या दिवशी साऱ्या वर्षांचे देणे एकदम अंगावर येते. आणि इतिहास असे सांगतो, की ज्याने ती शिल्लक खिशात घातली, त्याला ते बहुधा भरावे लागत नाही. ते दुसराच कोणी भरतो. हा दुसरा माणूस कोण, एवढेच आज पाहावयाचे आहे.

ह्या शोधाला लंडनपासून प्रारंभ करणे सोयीचे होईल. कारण आगीपासूनचे संरक्षण हा धंद्याचा विषय प्रथम तेथे झाला. १६६६च्या सप्टेंबरात ते शहर चार दिवस जळत होते. सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्चे त्यात गेली. ह्या अनुभवानंतर, १६८०च्या सुमारास, निकोलस बार्बन नावाच्या एका धोरणी बांधकाम-व्यावसायिकाने घरांचा आगीचा विमा उतरवण्याचा धंदा सुरू केला. त्याच्यामागून इतर कंपन्या आल्या. घर जळाले तर भरपाई द्यावी लागते, तेव्हा ते जळू न देणे फायद्याचे, हा विचार ओघानेच आला, आणि कंपन्यांनी आपापले बंबवाले नोकरीस ठेवले. विमा उतरवलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर कंपनीचे चिन्ह असलेला शिशाचा पत्रा ठोकण्यात येई. १ जानेवारी १८३३ रोजी प्रमुख कंपन्यांनी आपली निरनिराळी पथके मोडून सगळ्यांचे मिळून एक दल केले, आणि त्याच्यावर एडिंबरोचा जेम्स ब्रेडवुड ह्याची नेमणूक केली.

ब्रेडवुड हा ह्या कथेतला खरा नायक. वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी तो एडिंबरोच्या अग्निशामक दलाचा प्रमुख झाला होता. रस्त्यावर उभे राहून ज्वाळांवर दुरून पाणी उडवणे ही तोपर्यंतची रीत. त्याने आपल्या माणसांना धुरात शिरून आगीच्या मुळापाशी जाण्याचे शिक्षण दिले. लंडनमध्ये त्याच्या हाती आलेली माणसे होती सुमारे ८०. बंब हाताने दांडा मारून चालवावयाचे. ते चालवण्यासाठी जमलेल्या गर्दीतूनच माणसे घ्यावयाची, त्यांना तासाप्रमाणे मजुरी द्यावयाची आणि वर बिअर पाजावयाची, अशी व्यवस्था होती. पाणी खाजगी कंपन्यांच्या हाती होते. नळाला ते आठही प्रहर नसे, किल्ली फिरवणारा माणूस सापडेपर्यंत बंब कोरडाच उभा असे.

जगातील सर्वांत श्रीमंत बंदराची सारी राखण ती ह्या बळावर चालली होती. विमा कंपन्या आपल्या मालापुरते पाहत. त्यांच्या दलाने दुसऱ्याची आग विझवली तर ती त्यांची भलाई. १८३४मध्ये पार्लमेंटची जुनी वास्तू जळाली. तिचा विमा नव्हता, तरीही ब्रेडवुडची माणसे धावून गेली आणि त्यांच्या प्रयत्नामुळेच पुरातन वेस्टमिन्स्टर हॉल वाचला. एवढे डोळ्यांदेखत घडूनही सार्वजनिक दल उभारण्याची निकड राज्यकर्त्यांना वाटली नाही. जे काम दुसरा स्वतःच्या खर्चाने करीत आहे, ते आपल्या अंगावर का घ्या? उलट, विम्याच्या दर शंभर पौंडांमागे तीन शिलिंग कर सरकार वसूल करीत होते. जो सावध तोच कराला पात्र, असा हा उफराटा न्याय होता, आणि तो १८६९पर्यंत पुरता सुटला नाही.

ह्याहून बोलकी गोष्ट आणखी एक आहे. कंपन्यांचे दल मालमत्ता वाचवण्यासाठी होते. जळत्या घरातून माणसांना खाली उतरवण्याच्या उंच शिड्या रस्त्यारस्त्यांवर ठेवणे, त्यांच्याजवळ रात्री पहारेकरी बसवणे, हे काम लोकवर्गणीवर चालणारी एक परोपकारी संस्था करीत असे. माल वाचवणे हा व्यवहार आणि माणूस वाचवणे हा धर्मादाय! किर्दीतले हे दोन रकाने एकदा नीट पाहून ठेवले म्हणजे पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

थेम्स नदीच्या दक्षिण काठावर, टूली स्ट्रीटच्या बाजूला, धक्क्यांना लागून उंच वखारींच्या रांगा होत्या. साऱ्या जगातून आलेला माल त्यांत भरलेला असे: चहा, साखर, तांदूळ, मसाल्याचे पदार्थ, कापूस, वाख, ताग, चरबीची पिंपे आणि सोरा. ह्यांतला ताग बंगालच्या शेतांतला होता, आणि सोरा बहुतांशी बिहारच्या मातीतून निघत असे. आपल्याकडील शेतकऱ्याने पिकवलेला माल ह्या वखारींत एकावर एक रचला जाई, आणि एका वखारीच्या भिंतीला दुसरीची भिंत लागून असे. वखार जितकी मोठी आणि अखंड, तितका साठवणीचा खर्च कमी. भिंतींनी तिचे खण पाडले तर जागा जाते, हमाली वाढते, माल हलवण्याचा वेळ वाढतो.

ह्या अखंडपणाचा धोका ब्रेडवुडने पुष्कळ आधी ओळखला होता, आणि अधिकाऱ्यांपुढे तो पुनःपुन्हा मांडला होता. त्याचे म्हणणे साधे होते. कोणत्याही दलाची आग विझवण्याची शक्ती मर्यादित असते. इमारतीचा एक अखंड खण त्या शक्तीपेक्षा मोठा झाला, की आत भडकलेली आग कोणालाही आवरणार नाही. १८५५च्या इमारतविषयक कायद्याने वखारीच्या एका खणाला २ लाख १६ हजार घनफुटांची मर्यादा घातली. परंतु ती नव्या बांधकामाला. जुन्या वखारी होत्या तशाच राहिल्या.

२२ जून १८६१ रोजी, शनिवारी दुपार कलल्यावर, कॉटन्स व्हार्फ ह्या धक्क्यावरच्या वखारीत आग दिसली. वाखाच्या ढिगात आपोआप उष्णता साठून ती लागली असावी, असा तर्क पुढे करण्यात आला. खणाखणांमध्ये लोखंडी दारे बसवलेली होती. ती लावलेली असती तर आग काही काळ तरी एका खणात कोंडून राहिली असती. पण ती उघडीच राहिली होती. नदीला ओहोटी होती, त्यामुळे पाण्यावरच्या बंबांना काठाशी येता येईना. आणि नळाचे पाणी हवे तेव्हा, हवे तेवढे मिळेना. चरबी वितळून जळत जळत नदीवर पसरली. सोऱ्याने स्फोट झाले. दोन्ही काठांवर आणि लंडन ब्रिजवर हजारो लोक हे दृश्य पाहत उभे राहिले. संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास ब्रेडवुड आपल्या थकलेल्या माणसांना उत्तेजन देत एका अरुंद वाटेत उभा असता वखारीची उंच भिंत फुगली आणि कोसळली. तो तिच्याखाली गाडला गेला. त्याचे शव बाहेर काढावयास दोन दिवसांहून अधिक काळ लागला. आग पुरती शांत होण्यास दोन आठवडे लागले.

नुकसानीचा अंदाज २० लाख पौंडांच्या घरात होता. त्या काळी कंपन्यांचे हे अग्निशामक दल चालवण्यास वर्षाकाठी सुमारे २५ हजार पौंड लागत. म्हणजे जवळजवळ ८० वर्षे पुरला असता एवढा पैसा एका आगीत गेला! जे काम स्वस्तात चालले आहे असे सगळ्यांना वाटत होते, ते मुळीच चाललेले नव्हते. त्याचे देणे साचत होते इतकेच. विमा कंपन्यांनी वखारींचे हप्ते एकदम वाढवले. व्यापारी संतापले, त्यांनी सभा भरवल्या, आणि त्याच वर्षी आपली स्वतंत्र विमा कंपनी काढली. कमर्शियल युनियन ही पुढे जगभर पसरलेली कंपनी ह्या रागातून जन्मली. संताप खोटा नव्हता. पण त्या सभांतल्या कितीजणांनी आपल्या वखारीतली लोखंडी दारे दररोज संध्याकाळी लावली जात होती किंवा नाही, ह्याची चौकशी केली असेल?

कंपन्यांनी सरकारला कळवले, की साऱ्या शहराची राखण करण्याचा भार ह्यापुढे आम्ही वाहणार नाही. चौकशी समिती बसली. १८६५मध्ये कायदा झाला, आणि १ जानेवारी १८६६पासून लंडनचे सार्वजनिक अग्निशामक दल अस्तित्वात आले. त्याच्या खर्चाची वाटणी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. नागरिकांवर दर पौंडामागे अर्ध्या पेनीपर्यंत पट्टी. विमा कंपन्यांनी दर दहा लाख पौंडांच्या विम्यामागे ३५ पौंड द्यावेत. सरकारने वर्षाला १० हजार पौंड घालावेत. तीस वर्षे जो खर्च नाही असे सगळे मानीत होते, तो अखेर तिघांच्या किर्दीत चढला. माणसे वाचवण्याच्या शिड्याही ह्याच दलाकडे आल्या. धर्मादायाचे काम कर्तव्य झाले. आपल्या मुंबईतही आग विझवणे हे नगराचे बंधनकारक कर्तव्य म्हणून १८८८च्या महापालिका कायद्यात नमूद झाले, ते ह्याच काळातल्या विचाराला धरून.

येथे कोणी म्हणेल, की ठेच लागल्यावाचून माणूस शहाणा होत नाही, हा मनुष्यस्वभावच आहे. त्याला व्यापारी तरी अपवाद कसा असणार? परंतु इतिहासात अपवाद आहेत, आणि ते व्यापाऱ्यांतलेच आहेत. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड ह्या छोट्या राज्यात झकराया अ‍ॅलन नावाचा एक गिरणीमालक होता. १८२२मध्ये बांधलेल्या आपल्या कापडगिरणीत त्याने जाड दारे बसवली, पाण्याचे पंप ठेवले आणि आग पसरू नये अशी रचना केली. मग तो विमा कंपनीकडे गेला, आणि माझा धोका कमी आहे तेव्हा माझा हप्ताही कमी करा, असे म्हणाला. कंपनीने नकार दिला. तिच्या दृष्टीने गिरणी म्हणजे गिरणी. चांगली काय, वाईट काय, दर एकच. तेव्हा १८३५मध्ये अ‍ॅलनने आपल्यासारख्या सावध गिरणीमालकांना एकत्र आणून परस्पर विम्याची मंडळी स्थापन केली. सभासद होण्याची अट एकच: गिरणीची तपासणी होईल, आणि तपासनीस सांगेल ती सुधारणा करावी लागेल. वर्षअखेर नुकसान भागून उरलेला पैसा सभासदांना परत मिळे. पुढे स्वयंचलित फवाऱ्यांचा शोध लागला. छताला नळ्या, नळ्यांना तोट्या, आणि तोटीवर थोड्या उष्णतेने वितळणाऱ्या धातूचा टाका. खाली आग लागली की टाका वितळतो आणि नेमक्या त्याच जागी पाणी बरसते. हेन्री पार्मली ह्याने १८७४मध्ये न्यू हेवनमधील आपल्या पियानोच्या कारखान्यात असे फवारे बसवले, आणि फ्रेडरिक ग्रिनेल ह्याने १८८१च्या सुमारास त्यांत मोठी सुधारणा केली. ह्या फवाऱ्यांचा प्रसार करण्यात परस्पर विम्याच्या मंडळ्या आघाडीवर होत्या. ज्याला स्वतःचे नुकसान स्वतःच भरावयाचे असते, त्याला संरक्षण महाग वाटत नाही, हा ह्यातला बोध.

मग साधन हाती असून ते न वापरल्याने काय होते, हे त्याच अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात दिसून आले. २५ मार्च १९११ रोजी, शनिवारी, काम सुटण्याच्या वेळी, ट्रायँगल ह्या कपडे शिवण्याच्या कारखान्यात आग लागली. दहा मजल्यांच्या इमारतीचे वरचे तीन मजले कारखान्याकडे होते. कामाला बहुतेक मुली, रशियातून आणि इटलीतून आलेल्या ज्यू आणि इटालियन निर्वासितांच्या घरच्या. कित्येकींचे वय वीसच्याही आत. फवारे नव्हते. टेबलांखाली कापडाच्या चिंध्यांचे ढीग होते. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. मुलींनी कापड चोरून नेऊ नये आणि जाताना सगळ्यांच्या पिशव्या एकाच दारात तपासता याव्यात, ह्यासाठी. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अग्निशामक दल तत्परतेने आले, परंतु त्याची सर्वांत उंच शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. कित्येक मुलींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. १४६ माणसे मेली.

चोरी किती होत होती? काही वार कापड. ते वाचवण्यासाठी जे कुलूप घातले, त्याची किंमत कोणी भरली, हे पुढच्या हिशेबात स्पष्ट दिसते. मालकांवर खटला झाला. दार बंद असल्याचे त्यांना त्या वेळी ठाऊक होते हे निःसंशय सिद्ध झाले नाही, म्हणून ते सुटले. विम्यातून त्यांना प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा सुमारे ६० हजार डॉलर अधिक मिळाल्याचे सांगतात. १९१४मध्ये दिवाणी दावे मिटले, ते प्रत्येक मृतामागे ७५ डॉलर देऊन. मधल्या काळात, १९१३मध्ये, त्या मालकांपैकी एकाला कामाच्या वेळी पुन्हा दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल दंड झाला होता. तो दंड होता २० डॉलर. जेथे माणसाची किंमत ७५ आणि कुलपाची किंमत २० डॉलर आहे, तेथे फवारे महाग वाटणारच. न्यूयॉर्क राज्याने चौकशी मंडळ नेमले आणि दोन-तीन वर्षांत कारखान्यांविषयीचे अनेक कायदे केले, ते ह्या हिशेबाची लाज वाटून.

हे परदेशचे दाखले झाले. परंतु असाच हिशेब आपल्या देशातील एका न्यायालयाच्या पटावरही मांडला गेला आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी दुपारच्या खेळाच्या वेळी तळमजल्यावरच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. धूर जिन्याच्या वाटेने वर चढला आणि बाल्कनीत भरला. बाल्कनीच्या एका बाजूची वाट जादा खुर्च्या टाकून बंद झालेली होती. ५९ प्रेक्षक गुदमरून मेले. मृतांच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षे न्यायालयात लढा दिला. उच्च न्यायालयाने नुकसानभरपाईखेरीज अडीच कोटी रुपये दंडात्मक भरपाई ठरवताना एक गोष्ट विचारात घेतली, ती म्हणजे त्या जादा खुर्च्यांवर इतक्या वर्षांत मिळालेले उत्पन्न. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम २५ लाखांवर आणली आणि मृतांच्या वारसांची भरपाईही कमी केली: वीस वर्षांवरील व्यक्तीसाठी १० लाख, त्याहून लहानासाठी साडेसात लाख. कायद्याच्या दृष्टीने त्यातील युक्तायुक्त काय, हा प्रश्न कायदेपंडितांचा. इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटते ते हे, की एका खुर्चीच्या जागेचे भाडे आणि एका वाटेची किंमत ही दोन्ही एकाच कागदावर आली. एरवी ती कधीच शेजारी-शेजारी येत नाहीत. म्हणून तर स्वस्ताई स्वस्ताई वाटते.

आज ह्या स्वस्ताईची रूपे अधिक सभ्य झाली आहेत. मुदत संपलेले लाल नळकांडे भिंतीवर दिमाखाने टांगलेले असते. आणीबाणीचा जिना असतो, पण त्यात रिकाम्या खोक्यांचे कोठार झालेले असते. फवाऱ्यांच्या नळ्या छताला दिसतात. त्यांच्या टाकीत पाणी आहे काय, हे कोणी पाहत नाही. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतील ही साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. नियम उत्तम आहे. परंतु साधनांऐवजी नुसते प्रमाणपत्रच विकत घेतले, तर खर्च आणखी कमी होतो, हेही व्यवहारचतुर माणसाला उमगते. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. निदान त्या म्हणीतला बंब कोठे तरी खराखुरा उभा होता! नुसत्या कागदावरचा बंब सोमेश्वरीही नसतो.

तेव्हा आरंभी म्हटलेल्या त्या दुसऱ्या माणसाला आता ओळखता येईल. टूली स्ट्रीटला तो अग्निशामक दलाचा प्रमुख होता. ज्याने धोका सांगितला होता, त्याच्याच अंगावर भिंत पडली. न्यूयॉर्कला ती शिवणयंत्रावर बसणारी मुलगी होती. दिल्लीला तो तिकीट काढून आलेला, मुलाबाळांसह बसलेला प्रेक्षक होता. ह्यांच्यापैकी एकालाही त्या धंद्याच्या फायद्यात वाटा नव्हता, आणि काटकसर ठरवताना कोणी त्यांना विचारलेही नव्हते. संरक्षण स्वस्त झाले याचा अर्थ त्याची किंमत उतरली असा नसतो. ती अशा माणसाच्या नावावर मांडली गेली, ज्याची सही त्या कागदावर नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. कायदा, विमा आणि तपासनीस ह्या तिघांचे काम ती पुन्हा मूळ मालकाच्या नावावर आणणे हे आहे. ते काम आगीनंतर केले म्हणजे त्याला चौकशी म्हणतात. ऱ्होड आयलंडच्या त्या गिरणीमालकाने ते आगीपूर्वी केले, आणि त्याला केवळ व्यवहार म्हटले. दोहोंत महाग कोणते, हे ठरवण्यास मोठे गणित लागत नाही.